एवढे जुने व्हिडिओ गेम जमवून करता काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न घरी आलेले पाहुणे विचारतात, ऑफिसातले विचारतात, टीव्ही दुरुस्त करणारे काका विचारतात, आणि आई तर दर दिवाळीच्या साफसफाईला न चुकता विचारते. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. इथे ‘जुना व्हिडिओ गेम’ म्हणजे मुख्यतः १९९० च्या दशकात आपल्या घरांमध्ये टीव्हीला जोडून, वरून कॅसेट खुपसून खेळायचा तो. प्लेस्टेशनवाल्यांनी रागावू नये, त्यांचाही नंबर पुढे आहे.

हे सगळं आता फोनवर फुकट मिळतं. मग डबे कशाला?

मिळतं, आणि मीही फोनवर खेळते. लोकलमध्ये ‘मारियो’ खेळायला कोण टीव्ही घेऊन जाणार? नुसता गेम हवा असेल तर खरंच काही जमवायची गरज नाही.

पण फोनवर फक्त गेम येतो. त्याच्याबरोबर हातात धरून खेळायच्या रिमोटच्या वायरीची लांबी येत नाही. ती वायर एवढी आखूड असायची की पलंगावर बसून खेळणं शक्यच नसे. टीव्हीपासून दोन हातांवर फरशीवर मांडी घालायची, शेजारी भावाचा गुडघा, आणि मागून “लांब बसा, डोळे जातील” हा आवाज. कोणी जोरात रिमोट ओढला की अख्खं यंत्र टेबलावरून खाली. जमवणाऱ्याला हे सगळं परत हवं असतं आणि ते गुडघ्यासकट परत मिळत नाही हे त्याला माहीत असतं. वायर तेवढी मिळते.

पण नक्की कारण काय? एका वाक्यात सांगा.

एका वाक्यात जमणार नाही, कारण माणसागणिक कारण वेगळं निघतं. संग्रह करणाऱ्यांशी थोडं निवांत बोललं की ‘बालपणीच्या आठवणी’ हे ठरीव उत्तर पहिल्या चहात संपतं आणि दुसऱ्या चहाला खरं बाहेर येतं.

बऱ्याच जणांकडे लहानपणी हे यंत्र नव्हतंच. शेजाऱ्यांकडे होतं, नाहीतर मामाच्या गावी होतं, किंवा गल्लीतल्या दुकानातून मे महिन्यात एका दिवसासाठी भाड्याने आणलं जायचं. भाड्याचा दिवस म्हणजे घरातली सगळी मुलं, शेजारची चार, आणि प्रत्येकाला ‘एक लाइफ’ एवढीच पाळी. रात्री अडॅप्टर तापला म्हणून बाबा बंद करणार, सकाळी दुकानदार घेऊन जाणार. ज्यांच्या वाट्याला असे तुकडे आले ते आज सगळ्यात हावरटासारखे जमवतात. त्यांच्याकडे एकाच मॉडेलची तीन-तीन यंत्रं दिसली तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

काहींचा हिशेब अपुरा राहिलेला असतो. त्या कॅसेटींमध्ये खेळ जतन करायची सोय बहुतेक नसायची. वीज गेली की आठव्या लेव्हलवरून थेट पहिलीवर. शेवटचा राक्षस कधी पाहिलाच नाही, ही बोच तीस वर्षं टिकू शकते. मला आधी हे अतिशयोक्त वाटायचं, पण गंभीर चेहऱ्याचे, पन्नाशीकडे झुकलेले चार्टर्ड अकाउंटंट याच एका कारणासाठी कॅसेट शोधत फिरताना पाहिलेत.

काहींना खेळण्यात रसच नसतो. त्यांना उघडायचं असतं. सोल्डरिंग गन, मल्टिमीटर, जळलेला व्होल्टेज रेग्युलेटर बदलणं, तुटलेली वायर जोडणं, आणि पडद्यावर चित्र उमटलं की लगेच बंद करून पुढचं यंत्र हातात घेणं. त्यांच्या कपाटातली यंत्रं सगळ्यात चालू स्थितीत असतात आणि सगळ्यात कमी खेळली जातात.

आणि काहींचा भाऊ आता नाही. किंवा बाबा. त्यावर कोणी लांबण लावत नाही. एखादं यंत्र कपाटात वेगळं ठेवलेलं असतं, ते ‘विकायचं नाही’ एवढंच सांगतात.

तुमचे हे सगळे तर नकली आहेत ना?

हो. आणि नेमकं तेच तर जमवायचं आहे.

मूळ यंत्र म्हणजे निन्टेन्डोचा फॅमिकॉम. जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला विक्रीला आला, मासायुकी उएमुरा यांनी तो घडवला. अमेरिकेत तो एनईएस या नावाने, वेगळ्या राखाडी पेटीत गेला. आपल्या मध्यमवर्गीय घरांत जे आलं ते बहुतांशी या यंत्राच्या नकला. मायक्रो जीनियस, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशी नावं. कोणाचा आकार फॅमिकॉमसारखा, कोणाचा दुसऱ्याच कंपनीच्या यंत्रासारखा, आत मात्र सगळ्यांचा जीव एकच. ‘कॉन्ट्रा’ कोनामीचा, ‘बॅटल सिटी’ नामकोचा, ‘मारियो’ निन्टेन्डोचा, ही नावं आम्हाला फार उशिरा कळली. तेव्हा ‘कॉन्ट्रा’, ‘रणगाडा’ आणि ‘गाडीवाला’ एवढ्यावर भागत होतं.

आता अमेरिकेतला संग्राहक अस्सल माल शोधतो, पेटीसकट, माहितीपत्रकासकट. तो शोधतो ते त्याच्या घरात होतं म्हणून. डोंबिवलीच्या चाळीत वाढलेल्या माणसाने राखाडी एनईएस घेऊन करायचं काय? तो चांगला आहे, देखणा आहे, पण त्याच्याशी आपली ओळख नाही. पिवळी कॅसेट, त्यावर कोणत्यातरी इंग्रजी सिनेमाच्या पोस्टरचं फिकट चित्र, बाजूला चुकीच्या स्पेलिंगमध्ये छापलेली गेमची यादी, हे आपलं अस्सल. जपानी माणसाला नक्कल वाटणारी वस्तू इथे मूळ प्रत ठरते. जगभरच्या किंमतीच्या याद्यांमध्ये तिला जागा नाही, आणि माझ्या मते हे बरंच आहे, नाहीतर तीही परवडेनाशी झाली असती.

अस्सल जपानी यंत्र आणलं तर खेळ तोच असेल ना?

नाही! आणि हे ज्यांनी अनुभवलंय ते चक्रावलेत.

जपान आणि अमेरिकेत टीव्हीचं चित्र सेकंदाला ६० वेळा रंगवलं जायचं. आपल्याकडे पाल पद्धत, म्हणजे सेकंदाला ५०. फॅमिकॉमचे बहुतेक गेम प्रत्येक चित्राबरोबर एक पाऊल पुढे सरकतात. वेळ मोजायला त्यांच्याकडे दुसरं घड्याळ नाही. त्यामुळे पाल टीव्हीसाठी बनवलेल्या नकली यंत्रावर तोच गेम साधारण एक-षष्ठांशाने हळू चालतो. मारियो जरा सावकाश पळतो, गोळ्या जरा उशिरा येतात, आणि संगीताची लयसुद्धा उतरते.

म्हणजे आपल्या पिढीचा ‘कॉन्ट्रा’ हा मुळातच थोडा सुस्त ‘कॉन्ट्रा’ होता. अस्सल यंत्र लावलं की पहिल्याच पुलावर माणसं पटापट मरतात. बोटांना तीस वर्षं जुनी उडी पाठ असते आणि खड्डा मात्र आधीच येऊन पोचलेला असतो. फोनवरचे गेमही सहसा ६० च्या वेगाने चालतात. “फोनवर तेच वाटत नाही” असं जे लोक म्हणतात आणि आपण त्यांना भावनाप्रधान समजतो, त्यांचं बरोबर असतं.

रिमोटच्या जोडीला एवढं महत्त्व का? दुसरा नसला तरी खेळता येतं की.

खेळता येतं. पण घरात धाकटं असलेल्या कोणालाही हा प्रश्न विचारून बघा.

मूळ फॅमिकॉमचे दोन्ही रिमोट सारखे नव्हते. पहिल्यावर स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणं होती. दुसऱ्यावर ती नव्हती, त्या जागी एक छोटा माइक होता. आपल्याकडच्या बऱ्याच नकलांनी बटणं गाळण्याची ही पद्धत तशीच उचलली, माइक मात्र बहुधा सोडून दिला. परिणाम असा की धाकट्याच्या हातात कायम असा रिमोट, ज्यावरून खेळ सुरू करता येत नाही, थांबवता येत नाही, गेम निवडता येत नाही. आईने हाक मारली तरी ‘पॉज’ करायचा अधिकार थोरल्याकडे. ‘मारियो’त तर धाकट्याला लुइजी, आणि दादा मरेपर्यंत त्याची पाळीच नाही. दादा चांगला खेळणारा असेल तर संध्याकाळ संपायची.

मी धाकटी. माझ्या संग्रहात दुसरे रिमोट जास्त आहेत. कुठे दिसला की उचलतेच. पांढरट करड्या प्लॅस्टिकवर जिथे दोन बटणं असायला हवीत तिथे गुळगुळीत मोकळी जागा, तिच्यावर अंगठ्याने घासल्यासारखी झिजेची चकाकी. कोणीतरी त्या नसलेल्या बटणावर खूप वेळा दाबून पाहिलेलं असावं.

सूड घ्यायच्या जागाही होत्या. ‘कॉन्ट्रा’च्या धबधब्यात जो भराभर वर चढतो त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. पुढे जायचं, दादाला खाली ठेवायचं. ‘डक हंट’मध्ये एकाने बंदूक धरली की दुसऱ्याला उरलेल्या रिमोटने बदक हलवता येतं. ही गोष्ट मला मोठेपणी कळली. त्या काळी कळली असती तर आमच्या घरचा इतिहास वेगळा असता.

‘९९९९९९९ इन १’ कॅसेटमध्ये खरंच तेवढे गेम असायचे का?

छे. मोजून दहा-पंधरा, कधी त्याहून कमी. यादी मात्र संपायची नाही. तोच ‘मारियो’ दुसऱ्या लेव्हलपासून सुरू केला की नवा नंबर, नवं नाव. ‘कॉन्ट्रा’ तीस लाइफसह हा आणखी एक ‘गेम’.

कॅसेट उघडून बघा. चार स्क्रू नाहीतर नुसते खाचेत बसलेले दोन तुकडे. आत बहुतांश हवा. तळाशी काड्यापेटीएवढी हिरवी पट्टी, तिला सोनेरी दाते, आणि मधोमध वाळलेल्या डांबरासारखा काळा गोल थेंब. चिपला वेगळं आवरण घालायचा खर्च वाचवण्यासाठी ती थेट पट्टीवर चिकटवून वरून राळ ओतलेली असते. या थेंबाखाली तार तुटली तर दुरुस्ती नाही. वजन यावं म्हणून काही कॅसेटींत लोखंडाचा तुकडाही टाकलेला सापडतो. ग्राहक हातात तोलून बघणार हे त्या कारखान्याला ठाऊक होतं.

ती तीस लाइफची युक्ती खरी होती?

खरी. बटणं या क्रमाने: वर वर खाली खाली, डावं उजवं डावं उजवं, बी ए. काझुहिसा हाशिमोतो या कोनामीच्या प्रोग्रॅमरने १९८६ मध्ये ‘ग्रॅडियस’साठी ती टाकली, कारण चाचणी करताना तो गेम त्याला स्वतःलाच झेपत नव्हता. ‘कॉन्ट्रा’मध्ये तिने तीस लाइफ मिळतात. इंटरनेट नसताना ही युक्ती शाळेच्या बसमधून गावोगाव कशी पोचली याचा कोणीतरी अभ्यास करायला हवा.

कॅसेट चालेना की फुंकर मारायची ना?

मारू नका. फुंकरीबरोबर ओलावा जातो आणि दात्यांवर गंज चढतो. निन्टेन्डोसुद्धा फुंकू नका असंच सांगत असे. कॅसेट चालायची ती काढून पुन्हा घातल्यामुळे, दाते नव्या जागी टेकल्यामुळे. श्रेय मात्र फुंकरीने लाटलं. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दाते पुसा, वाळू द्या, मग घाला.

आता हे सांगूनही प्रत्येक जण फुंकतोच. पन्नाशीचा माणूस कॅसेट हातात आली की आधी तोंडाजवळ नेतो. मी थांबवणं सोडून दिलंय.

डबा टीव्ही का ठेवलाय? भिंतीवर एवढा मोठा टीव्ही आहे.

अर्धं कारण बंदूक. ‘डक हंट’ची बंदूक काही सोडत नाही, ती बघते. चाप ओढला की पडदा एका क्षणापुरता काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीतल्या डोळ्याला तो उजेड ठरलेल्या वेळात दिसला की बदक पडलं. हा सगळा हिशेब चित्रनळीच्या वेगावर बसवलेला. चपट्या टीव्हीचा उजेड तसा लुकलुकत नाही आणि चित्र उशिरा येतं, त्यामुळे बदक मरत नाही आणि गेममधला कुत्रा हसत राहतो.

दुसरं अर्धं कारण: चपट्या टीव्हीवर ते चित्र चौकोनी ठोकळ्यांचं दिसतं. नळीवर कडा विरघळतात. चित्रकारांनी ते नळीसाठीच काढलेलं होतं.

आमच्याकडचा टीव्ही व्हिडिओकॉनचा आहे, औरंगाबादच्या कंपनीचा, आणि तो भंगारवाल्याच्या हातगाडीवरून परत आणलाय. चार माणसांना उचलेना. एक सूचना मात्र गांभीर्याने: डबा टीव्ही स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही नळीत जबर व्होल्टेज साठून राहू शकतं. जुन्या मेकॅनिककडे न्या, अजून आहेत.

आणि हो, ‘व्हिडिओ गेमने पिक्चर ट्यूब जाते’ या एका वाक्यावर आपल्या आईवडिलांच्या पिढीने किती सुट्ट्या आटोक्यात ठेवल्या! स्थिर चित्र फार वेळ राहिलं तर नळीवर डाग पडतो, तेवढं खरं. एका मे महिन्यात नळी जात नाही.

कॅसेटवर कोणाची तरी नावं लिहिलेली असतात. ती पुसता का?

कधीच नाही. ‘मंदार, ७ वी ब’ असं बॉलपेनने लिहिलेली कॅसेट मला कोऱ्या कॅसेटपेक्षा जवळची. कॅसेटींची अदलाबदल एवढी चालायची की नाव न लिहिणारा मूर्ख ठरे. काहींवर पूर्ण पत्ता असतो, वाड्याच्या नावासकट, आणि तो वाडा आता राहिलेला नसतो.

जपानमध्येही हीच सवय होती. तिथल्या एका गृहस्थांनी अशा नाव लिहिलेल्या कॅसेटींचं संग्रहालयच काढलंय. हेतू असा की मूळ मालकाने आपलं नाव ओळखावं आणि कॅसेट परत न्यावी. जमवायचं ते परत देण्यासाठी, असा दुसरा संग्रह माझ्या ऐकण्यात नाही.

दुकानातल्या उभ्या मशीनवर ‘मुस्तफा’ खेळायचो. तो जमवता येतो का?

अवघड आहे. गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉम, १९९३. चार खेळाडूंतला एक मुस्तफा, आणि मुंबई-पुण्याच्या पार्लरांत अख्खा गेम त्याच्याच नावाने ओळखला गेला. नायक जॅक होता म्हणे. त्याला कोण विचारतं?

हा गेम एका अमेरिकन कॉमिकवर आधारलेला आणि हक्कांचा मालक वेगळा, त्यामुळे कॅपकॉमने तो घरच्या यंत्रांवर कधी आणला नाही. म्हणजे ज्याला तो कायदेशीर मार्गाने हवा आहे त्याला मूळ मशीनचा बोर्ड शोधावा लागतो, आणि बोर्ड मिळाला तरी त्यात एक बॅटरी असते. आवाजाच्या भागाची सांकेतिक किल्ली तिच्यावर जगते. बॅटरी मेली की किल्ली गेली. लोक बॅटरी वेळेत बदलतात, नाहीतर बोर्डात फेरफार करून घेतात.

पार्लरच्या आठवणी मुलींकडे कमी असतात, हेही नोंदवून ठेवते. आत जायची परवानगीच नव्हती. दाराबाहेर भावाची वाट बघत उभं राहून जेवढा ऐकू आला तेवढा ‘मुस्तफा’ माझा.

बायकाही जमवतात?

वरचं उत्तर वाचा.

यात पैसा आहे का? लोक कोट्यवधींना विकतात म्हणे.

जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत ‘सुपर मारियो ६४’ची न उघडलेली प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली, हे खरं. पण ती जाड प्लॅस्टिकच्या पेटीत गुणांकन करून बंद केलेली प्रत. ती कोणी खेळणार नाही, उघडणार नाही. ज्या दिवशी उघडली त्या दिवशी किंमत उतरली. त्या बाजारातल्या लोकांशी माझं भांडण नाही, पण त्यांना गेमच्या जागी चांदीची वीट चालली असती.

आपल्या नकली कॅसेटींना असा भाव नाही. कोणी ‘दुर्मिळ, अँटिक’ म्हणून पाच आकडी रक्कम सांगत असेल तर नमस्कार करून निघा.

मग घ्यायच्या कुठून?

पुण्याचा जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी, सकाळी लवकर. मुंबईत चोर बाजार, शुक्रवारी. लॅमिंग्टन रोडवर आता नवा माल जास्त, पण जुन्या दुकानांच्या पोटमाळ्यावर न विकलेले खोके असतात. गल्ल्यावरच्या पोराला विचारून उपयोग नाही, मालक दुपारी जेवून येईपर्यंत थांबा.

खरं सांगायचं तर सगळ्यात चांगला माल नातेवाइकांकडे. गावचं घर पाडायला निघालं, कोणाचं लग्न ठरलं म्हणून खोली रिकामी करायला काढली, की कळवा असं सगळ्यांना सांगून ठेवा. टिंगल होईल, पण फोन येईल. ऑनलाइन घेताना ‘चालू आहे’ यावर विश्वास न ठेवता व्हिडिओ मागा, त्यात रिमोटचं प्रत्येक बटण दाबलेलं दिसलं पाहिजे.

अमेरिकेतल्या भावाने एक यंत्र आणलंय. लावू का?

थांबा. आधी अडॅप्टर उलटा करून वाचा. अमेरिकेत वीज ११०-१२० व्होल्ट, जपानमध्ये १००, आपल्याकडे २३०. तिथला जुना अडॅप्टर इथे भिंतीत घातला की धूर. स्टेप-डाउन ट्रान्स्फॉर्मर घ्या किंवा इथला योग्य अडॅप्टर. आणि एनईएसचा अडॅप्टर फॅमिकॉमला कधीच लावू नका: एकाचा एसी ९ व्होल्ट, दुसऱ्याला डीसी लागतो, तोही आतली पिन उणे असलेला. पिन बसते, म्हणूनच धोका.

पावसाळ्यात कसं सांभाळायचं?

कोकणात आणि मुंबईत हाच खरा शत्रू. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, डबा बाहेरच्या भिंतीला न चिकटवता. सीडींवर बुरशीची जाळी धरते, ती वर्तुळात न पुसता मधून बाहेर सरळ पुसायची. आणि रिमोटमध्ये किंवा ब्रिक गेममध्ये पेन्सिल सेल ठेवून देऊ नका. सेल फुटला की पत्र्या खातो.

माझी पिढी प्लेस्टेशन आणि सायबर कॅफेची. आमचं काय?

स्वागत आहे. तुमच्यातले लोक आता पहिलं आणि दुसरं प्लेस्टेशन, ‘टेकन ३’ आणि कॉम्प्युटर मासिकांबरोबर यायच्या त्या सीड्या जमवू लागलेत. तुमची कारणंही जरा निराळी दिसतात. आमचं एका टीव्हीपुढचं भांडण होतं, तुमची तासावरची मैत्री: शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा कोण हे माहीत नसताना त्याच्याशी दोन तास ‘टेकन’. त्यामुळे तुमच्यातले काही जण गेम सोडून कॅफेचं कार्ड, वेळेची वही, पॉवर ऑफ करायची स्विचची पाटी असलंच काही शोधतात. नकली डिस्क चालाव्यात म्हणून चिप बसवलेलं प्लेस्टेशन २ आणि त्याच्या मार्करने नाव लिहिलेल्या डिस्क यांचंही आमच्या नकली कॅसेटींसारखंच आहे. तुमचं अस्सल ते.

मुलांना आवडतं का?

वीस मिनिटं. मग “पुढे काय होतं?” विचारतात, आणि पुढे काही होत नाही, तेच पुन्हा जरा वेगाने होतं. माझ्या भाच्याला ‘बॅटल सिटी’ मात्र आवडतो, कारण त्यात स्वतः भिंती मांडून लेव्हल बनवता येते. १९८५ चा गेम आहे, हे सांगितल्यावर त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं.

त्यांच्यावर लादू नका. ज्याचं त्याचं.

जतन करायला संग्रहालयं नाहीत का? घरात कशाला?

आहेत. क्योटोजवळ उजी इथे निन्टेन्डोने आपल्या जुन्या कारखान्याच्या जागी ऑक्टोबर २०२४ मध्ये संग्रहालय उघडलं. अमेरिकेत रॉचेस्टरच्या ‘द स्ट्राँग’मध्ये मोठा संग्रह आहे. पण तिथे लिटल मास्टर कोण ठेवणार? कंपन्याही भरवशाच्या नाहीत. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने मांडलेल्या पाहणीत, तिथे २०१० च्या आधी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत असं दिसलं. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या यंत्रांचं ऑनलाइन दुकान बंद केलं. तिथे मिळणारं बरंच काही दुसरीकडे मिळत नव्हतं.

आपल्याकडच्या नकली यंत्रांची नोंद ठेवायला तर कोणी कंपनीही पुढे येणार नाही. कुठलं मॉडेल कोणत्या गावात, कोणत्या दुकानात, कशाबरोबर मिळत होतं, हे लोकांच्या कपाटांत आणि डोक्यांतच आहे. म्हणून मी यंत्राबरोबर गोष्टही मागून घेते आणि कागदावर लिहून डब्यात टाकते. विकणाऱ्याला ते विचित्र वाटतं.

किती जमवलं म्हणजे पुरे?

घरातला दुसरा माणूस सांगतो तेव्हा.

आमच्या माळ्यावर एक जुना सापडलाय. आता काय करू?

लगेच प्लग लावू नका. आधी हलवून बघा, आत काही खुळखुळत असेल तर उघडून झुरळांची घरटी काढा (असतातच). अडॅप्टरची वायर वाकवून बघा, कडक होऊन तडकली असेल तर अडॅप्टर टाका, नवा ९ व्होल्टचा डीसी घ्या, पिनेची दिशा मेकॅनिककडून तपासून. कॅसेटचे दाते पुसा. अँटेनाच्या भोकात जाणारी वायर असेल तर टीव्हीवर चॅनेल हाताने शोधावा लागेल, मुंग्या दिसतील, हळूहळू फिरवत राहा. पिवळी-पांढरी पिन असेल तर सरळ एव्हीला लावा.

रिमोट दोन्ही सापडले का ते नीट शोधा. दुसरा बहुधा भलत्याच पिशवीत असतो, शिवणाच्या सामानात वगैरे. आणि विकायचा विचार असेल तर त्याआधी बहीणभावांना एक फोन करून टाका. तीस वर्षं कोणी विचारलेलं नसतं, पण विकला म्हटलं की सगळे मालक होतात.